खाडीतला झिरा

२९ जानेवारी १९५८, बुधवार. सकाळी सहाच्या आधीच मी जावयांच्या चुलीपुढे बसून ज्वारीच्या भाकरी थापत होते. पीठ घरूनच आणलं होतं, पत्र्याच्या डब्यात दाबून, कारण त्या मुलखात ज्वारी मिळत नाही आणि तांदळाची भाकरी माझ्या हातात तुटते. आठ भाकरी करायच्या होत्या. आम्ही तीन माणसं आणि चौथा नावाडी, माणशी दोन. सोबत मिरचीचा ठेचा, कांदे, गुळाचा खडा. जावयांनी एक दिवसाची रजा काढली होती आणि मला होडीतून खाडी दाखवायचं ठरवलं होतं. खाडीच्या तोंडापर्यंत जायचं, वाटेत पक्षी, सुसरी, मोठे मासे काय दिसतील ते पाहायचं, आणि दुपारच्या आत परत यायचं.

मी मात्र तिथे काही पाहायला गेले नव्हते. मी लेकीला न्यायला गेले होते.

आमचा मळा वाशीमहून अनसिंगकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर, उन्हाळ्यात काकडी. लेक तिथेच वाढली. जावई शेतकी खात्यात कारकून. आमचा भाग मुंबई राज्यात गेला आणि वर्षाच्या आत त्यांची बदली कोकणात झाली. लेक त्यांच्यामागे तिकडे गेली तेव्हा तिच्या पहिल्या बाळंतपणाला चार महिने झाले होते. ते बाळंतपण माझ्या घरी झालं होतं. मुलगा होता. तो रडला नाही.

आता तिला पुन्हा सातवा महिना होता. आमच्याकडे आठव्या महिन्यात गरवार बाईला शीव ओलांडू देत नाहीत. सातवा संपायला नऊ दिवस उरले होते आणि प्रवासच तीन दिवसांचा, मोटार, रेल्वे, पुन्हा मोटार. निघताना मालकांनी मला एकच सांगितलं होतं, "तिले घेऊनच ये." मी येऊन पाच दिवस झाले होते. पहिल्या दिवशी जावई म्हणाले, "इथं दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर हाये, मामी. नर्सबाई रोज असते." त्यानंतर ते त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. लेकीला विचारलं की ती म्हणायची, "पाहू." तिची ट्रंक कोपऱ्यात उघडी होती. संध्याकाळी ती तिच्यात दोन लुगडी ठेवायची आणि सकाळी त्यातलंच एक काढून नेसायची.

होडीत बसायला मी तयार झाले ती एवढ्याचसाठी. होडीतून कोणी उठून कचेरीत जाऊ शकत नाही. तिथे मी विषय काढणार होते आणि हो म्हणवून घेणार होते.

लेकीने आदल्या संध्याकाळी पितळी कळशी घासून, पाणी गाळून भरून, तोंडाला फडकं बांधून दारापाशी ठेवली होती. भाकरी झाल्यावर मी ती उचलून पाहिली. जड होती. जावयांच्या एका हातात टोपली असणार, दुसऱ्या हातात सतरंजी. लेकीला मी काही उचलू देणार नव्हते. म्हणजे कळशी माझ्या कमरेवर, आणि धक्क्यापर्यंत जाताना उतार असला तरी येताना चढ. मी म्हटलं, आपण चाललो पाण्यावर आणि पाणी घेऊन कुठे जायचं.

आमच्याकडे नदीवर जाताना कोणी पाणी नेत नाही. वाळूत हातभर खणायचं. तळाला पाणी झिरपतं, पहिलं गढूळ उपसून टाकायचं, आणि मग जे भरतं ते नितळ आणि गार. त्याला आम्ही झिरा म्हणतो. पुराचं पाणी मातीसारखं लाल असलं तरी काठच्या झिऱ्यात ते स्वच्छच येतं, कारण वाळू गाळून देते. लहानपणापासून मी शेकडो झिरे काढले असतील. कुठे खणायचं ते वाळूच्या रंगावरून मला कळतं. समुद्र खारा असतो हे मलाही माहीत होतं. पण येताना मोटारीतून मी खाडी पाहिली होती. दोन्ही काठांना झाडं, मध्ये वाळूचं बेट. माझ्या लेखी ती नदी होती. आणि थोडा खारटपणा असलाच, तर जी वाळू माती गाळते ती मीठ का नाही गाळणार.

मी कळशी उचलून चुलीमागे ठेवली आणि टोपलीत रिकामा तांब्या टाकला. कोणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं काही वाटलंच नाही.

नावाडी साठीचा, काळा, सडपातळ माणूस होता. कचेरीतले साहेब आले की हाच त्यांना खाडी दाखवायला नेतो, असं जावयांनी सांगितलं होतं. त्याने लेकीला हात धरून आधी बसवलं, होडीच्या मधोमध, आणि मला विचारलं, "पानी घेतलाव ना, आये?"

"सोय हाय," मी म्हणाले.

लेक पुढे तोंड करून बसली होती. टोपलीत काय आहे आणि काय नाही हे तिने पाहिलं नाही.

होडी काठाकाठाने निघाली. काठाला तिवराची झाडं होती आणि त्यांच्या मुळ्या चिखलातून वर आलेल्या, जणू कोणी वाफ्यात काड्या रोवल्यात. नावाडी वल्हं थांबवून दाखवत होता. चिखलावर बोटाएवढे मासे उड्या मारत होते, पाण्याबाहेर, सरड्यासारखे. "निवटी," तो म्हणाला. "मासा हाय, पन पान्यात राहवत नाय त्याला." एक मोठा आणि एक बारीक असा नांगीचा हात असलेले लाल खेकडे बिळाच्या तोंडाशी उभे होते आणि तो मोठा हात सारखा वर-खाली करत होते.

"हे कोनाले बोलावून राह्यले?" लेकीने विचारलं.

"बायकोला," नावाडी म्हणाला. "दिवसभर हेच काम. ती येत नाय."

जावई हसले. लेक त्यांना म्हणाली, "मंग तुमीच बरे. एका कार्डात बोलावलं मले." ती पाच दिवसांत पहिल्यांदा मोकळं बोलली. मी विषय काढायला तोंड उघडलं होतं ते मिटलं. म्हटलं, हसू दे जरा.

पुढे एका वळणावर उतरत्या चिखलात सुसर पडली होती. नावाड्याने बोट दाखवलं तरी मला ती ओंडक्यासारखीच दिसत होती. मग ओंडक्याने तोंड उघडलं. आम्ही वीस हातांवरून गेलो आणि ती हलली नाही. मी लेकीच्या पदराला धरून बसले होते. उंच झाडावर काटक्यांचं एक प्रचंड घरटं होतं, खाटेएवढं, आणि त्यावर पांढऱ्या पोटाचा गरुड. त्याला तिकडे काकण म्हणतात. नावाड्याच्या वडलांच्या लहानपणापासून ते घरटं त्याच झाडावर आहे, दर साली ती जोडी त्यावर नव्या काटक्या रचते, असं तो म्हणाला.

"दर साली त्याच घरी बाळंतपन," मी म्हणाले. मला सुरुवात करायला ती जागा बरी वाटली. "पक्ष्यालेही समजते."

लेकीने मान वळवून दुसऱ्या काठाकडे पाहिलं. जावई पाण्यात बघत राहिले. नावाडी वल्हं मारू लागला.

खाडी रुंद होत गेली आणि एकदम समोर काहीच उरलं नाही, नुसतं पाणी. वारा बदलला. कुरव पक्षी डोक्यावरून ओरडत जात होते. नावाड्याने होडी थांबवली आणि म्हणाला, "आता गप बसा." आम्ही बसलो. थोड्या वेळाने डाव्या हाताला पाणी फुगलं आणि त्यातून एक काळपट पाठ वर आली, म्हशीच्या पाठीसारखी चकचकीत, आणि फूस करून श्वास सोडून खाली गेली. मग दुसरी. मग दोन बरोबर, एक मोठी आणि तिला चिकटून एक अगदी लहान.

"गादे," नावाडी हलक्या आवाजात म्हणाला. "सायब लोक डॉल्फिन म्हनतात. मासा म्हनतात, पन त्ये तुमच्या-आमच्यासारखे. पोटातून पिल्लू होतं, दूध पितं. पिल्लू झालं का आई त्याला खालून वर ढकलते, पयला श्वास घ्यायला. तिला जमला नाय तर दुसऱ्या बायका येतात मदतीला. पिल्लाला श्वास आला का मगच..."

तो बोलत होता. साहेबांना सांगायचा तेच आम्हाला सांगत होता. त्याला काय ठाऊक. लेक दोन्ही हात पोटावर ठेवून त्या लहान पाठीकडे पाहत होती. ती पुन्हा वर आली, फूस झालं, गेली. जावयांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्यासमोर, आणि काढला नाही. आमच्याकडे सासूसमोर जावई असं करत नाही. मी टोपलीचं फडकं नीट करत बसले.

परतताना खाडीच्या मधलं वाळूचं बेट लागलं. नावाडी म्हणाला, इथे उतरून खाऊन घ्या, आणि रात्री कासवीण अंडी घालून गेली असेल तर तिच्या चालीच्या खुणा दाखवतो. त्याने जावयांना आणि मला दोघांनाही बजावलं, "अर्धा तास. सुकती लागलेली हाय, ही बाजू उथळ. पानी उतरला का होडी बसेल." सुकती म्हणजे ओहोटी. पाणी रोज दोनदा येतं आणि दोनदा जातं हे मी ऐकलं होतं, पण ऐकलेलं आणि समजलेलं यात फरक असतो. मळ्यात पाणी मी पाटाचं बारं फोडलं की येतं आणि बारं बुजवलं की थांबतं. ते माझ्या वेळेवर चालतं.

आम्ही सतरंजीवर बसून भाकरी सोडल्या. नावाड्याने एक भाकरी हातात तोलली. "आये, ही पान्यात टाकली तर हिचीच होडी होईल."

"होईन," मी म्हणाले. "आन् बुडायची नाई."

त्याने दोन्ही भाकरी खाल्ल्या, कंबरेच्या बाटलीतून चार घोट पाणी प्याला, आणि जावयांना घेऊन खुणा शोधायला बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेला. लेकीने ठेचा जरा जास्तच घेतला होता. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "माय, पानी दे."

"थांब, आत्ता काढतो," मी म्हणाले, आणि तांब्या घेऊन उठले.

"काढतो म्हंजे? कळशी?"

"कळशी घरी हाय. झिरा काढतो. दोन मिनटं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला राग आला. मी जागा निवडली, पाण्याच्या कडेपासून वीस पावलं वर, वाळू जिथे गडद होती तिथे, आणि हाताने खणू लागले. ढोपरभर झाल्यावर पाणी आलं. पहिलं उपसलं. दुसरं इतकं स्वच्छ आलं की तळाचा शिंपला दिसत होता. मी तांब्या भरला, पदराच्या टोकाने कड पुसली आणि तिला दिला.

तिने एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. "खारं हाय."

"वरचं असंन. खाली गोडं लागते."

मी तोच खड्डा आणखी खोल केला. कडा ढासळल्या. मग बेटाच्या माथ्याकडे दुसरा काढला. तिथून काढलेलं पाणी मी स्वतः चाखलं. मीठ विरघळवून ठेवल्यासारखं होतं. मी तिसरा खड्डा घेतला. दोघे परत येताना दिसले. नावाड्याने लांबूनच हात हलवला, "चला, चला!" मी ओरडून सांगितलं, थांबा जरा, दोनच मिनिटं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा तेच सांगितलं. त्याला वाटलं असेल, बायकांचं काही काम असेल. तो आणि जावई अदबीने लांबच उभे राहिले.

लेक माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. "माय, सोड."

"अजून थोडं. मी सांगून राह्यली ना तुले, अजून थोडं खाली..."

"तवाही तू हेच म्हनत होती," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "सकायपासून. सुईन म्हने दवाखान्यात न्या, आन् तू म्हने अजून थोडं. अजून थोडं पाहू."

मी खणायची थांबले.

ते खरं होतं. त्या दिवशी पहाटेपासून तिला कळा होत्या. दुपारी सुईण मला परसात बाजूला घेऊन म्हणाली, मूल आडवं वाटतं, गाडी जुंपा. वाशीमचा दवाखाना पाच मैल. मी स्वतः पाच बाळंतपणं काढलेली, दुसऱ्यांच्या घरची वेगळी. मी म्हणाले, गाडीच्या हिसक्यांनी जास्त होईल, अजून थोडं थांबू. थांबलो. गाडी जुंपलीच नाही. हे आमच्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं. मला वाटत होतं ते फक्त मला आणि सुईणीला माहीत आहे. आतल्या खोलीत पडून लेकीने सगळं ऐकलं होतं, आणि वर्षभर माझ्याशी नीट बोलत राहिली होती.

मी हात झटकून उठले तेव्हा नावाडी होडीपाशी वाकून उभा होता. होडीखाली पाणी नव्हतं. तिची एक बाजू चिखलात कलली होती आणि पाणी दहा हात लांब गेलं होतं. दोघांनी जोर लावून पाहिला. ती हलली नाही. नावाडी माझ्या तीन खड्ड्यांशी आला, शेवटच्यात बोट बुडवून त्याने चाटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आये, ही समुद्राची वाळू. इथं पाताळापर्यंत गेलात तरी खारा."

तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पाणी वर येऊन होडी उचलायला चार तास लागतील, तो म्हणाला. त्याने कंबरेची बाटली लेकीला दिली. तिच्यात तीन घोट होते.

अकरा वाजले असतील. जानेवारी असला तरी त्या वाळूवर ऊन चुलीसारखं लागत होतं, वरूनही आणि खालूनही. झाड एक नाही. जावयांनी दोन्ही वल्ही वाळूत रोवली, त्यांवर सतरंजी ताणली आणि तिच्या सावलीत लेकीला निजवलं. सावली एका माणसाची होती. मी तिच्या पायथ्याशी बसले. गुळाचा खडा दिला तर तिने नको म्हणून मान हलवली, तोंड कोरडं होतं. तासाभराने तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. पोट लाकडासारखं कडक होतं. मी मनात मोजू लागले. पन्नासपर्यंत गेले तेव्हा ते सैल झालं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच.

मला हे ठाऊक होतं. सातव्या महिन्यात बाई उन्हात काम करून तहानली की असं होतं. पाणी पाजून डाव्या कुशीवर निजवलं की बहुतेक वेळा थांबतं. पाणी पाजलं तर.

मी उठून नावाड्याकडे गेले आणि जे होतं ते सांगितलं. त्याने काठाकडे पाहिलं. मधला चिखल गुडघ्यापेक्षा खोल होता, आणि त्यापलीकडे खोल, वाहत्या पाण्याची एक ओढ होती. सकाळी जिथे सुसर पाहिली ते वळण तिथून फार लांब नव्हतं.  त्याने आपली बाटली आणि माझा तांब्या लुंगीत गुंडाळून डोक्यावर बांधला आणि चिखलात उतरला. आम्ही त्याला कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत जाताना पाहिलं. मग तो पलीकडे तिवरांत शिरला आणि दिसेनासा झाला.

जावई माझ्याजवळ येऊन बसले. इतका वेळ त्यांनी मला दोष दिला नव्हता. आता देतील असं मला वाटलं आणि मी तयारीत होते.

"मामी," ते म्हणाले, "मले तवा कार्ड आलं होतं. तिसऱ्या दिवशी. मुलगा झाला आन् गेला, एका ओळीत दोन्ही. मी कचेरीत होतो, फायली पाहत होतो."

ते कार्ड मीच टाकलं होतं.

"तुमी न्या तिले. तिले यायचं असंन तर मी नाई म्हननार नाई. पन या वेळी मी तिथं पायजे. मले तिथून कार्ड नको."

 पाच दिवस मी ज्या बोलण्याची वाट पाहत होते ते हेच होतं. त्यांनी 'न्या' म्हटलं होतं. मी हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता. सतरंजीखाली लेक डोळे मिटून पडली होती आणि ऐकत होती, जशी मागच्या साली ऐकत होती. माझ्या हाताखाली तिचं पोट पुन्हा कडक झालं. मी सत्तरपर्यंत मोजलं.

नावाडी दीड तासाने आला. हातात कोणाच्या तरी घरचा मातीचा घडा होता, डोक्यावर धरलेला, आणि तो स्वतः चिखलाने माखलेला. लेक उठून बसली आणि घोट घोट करून तांब्याभर पाणी प्याली, मग आणखी अर्धा. मी तिला डाव्या कुशीवर केलं. त्यानंतर दोनदा पोट कडक झालं, पण कमी वेळ. मग थांबलं. मी तरी हात काढला नाही.

पाणी जसं गेलं तसंच परत आलं, आवाज न करता. माझ्या तिन्ही झिऱ्यांत एकामागून एक ते खालून चढत गेलं. तीन वाजून गेल्यावर होडी उचलली गेली. परतताना सुसर होती तिथेच होती. कोणी बोट दाखवलं नाही. धक्क्यावर उतरताना मी नावाड्याला म्हणाले, "लय केलं तुमी आमच्यासाठी." तो म्हणाला, "बायला सांभाळा, आये. आन् कळशी नेत जा."

घरी पोहोचलो. लेक सरळ चुलीमागे गेली. कळशी तिथेच होती, तोंडाला फडकं बांधलेली. तिने फडकं सोडलं, दोन तांबे पाणी प्याली, मग तिसरा भरून माझ्यापुढे धरला. दिवसभरात मी प्यालेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले, कळशी भरून जागेवर ठेवली आणि विचारत विचारत एकटीच दवाखान्यात गेले. खरंच दहा मिनिटं लागली, चालत. नर्सबाई माझ्या लेकीच्याच वयाची होती. मी तिला बाळंतिणीची खोली दाखवायला सांगितली. खाट पाहिली, पाणी कुठून येतं ते विचारलं, मूल आडवं असलं तर काय करतात ते विचारलं, आणि मागच्या साली काय झालं ते सगळं सांगितलं, माझं थांबणंही. तिने ते लिहून घेतलं आणि म्हणाली, आजच घेऊन या, तपासू. घरी येऊन मी लेकीची ट्रंक उघडली, त्यातली लुगडी काढून खुंटीवर टाकली आणि ट्रंक कॉटखाली सारली. लेक भाजी निवडत होती. तिने पाहिलं आणि निवडत राहिली.

मग मी पोस्टात जाऊन मालकांना कार्ड टाकलं. लिहिलं की आम्ही येत नाही, मी इथेच राहते, ती मोकळी होईपर्यंत. वांग्याला दिवसाआड पाणी द्या. दुपटी पार्सलने पाठवा. ती तांबड्या पेटीत आहेत, खालच्या थरात. वर आहेत ती मागच्या सालची, ती पाठवू नका.